पुण्यश्लोक अहिल्याबाई : शोकाच्या छायेतील नंदादीप

मनुष्यावर संकट कोसळले म्हणजे त्याची पावले आपसूक देवळाकडे वळतात. कोणी श्रींस कौल लावतो, कोणी नवस बोलतो, तर कोणी सभामंडपातील खांबाला टेकून नुसताच बसून राहतो. संकट टळले तर देवाची कृपा झाली असे मानून अभिषेक होतो, ओटी भरली जाते, समाराधना घडते. परंतु संकट टळले नाही तर? ज्याच्या घरातील माणसे एकामागून एक निघून गेली, ज्याची प्रार्थना फळास आली नाही, त्याने गाभाऱ्यातील मूर्तीकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? हा प्रश्न प्रत्येक कुटुंबात केव्हा ना केव्हा उभा राहतोच. अठराव्या शतकात मराठी मातीत जन्मलेल्या आणि नर्मदेच्या तीरी देह ठेवलेल्या एका स्त्रीने या प्रश्नाचे उत्तर शब्दांनी नव्हे, तर आपल्या सबंध आयुष्याने दिले. ती स्त्री म्हणजे पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडी या लहानशा गावी झाला. हे गाव तेव्हाच्या बीड-नगरच्या मुलखातले. ज्या जिल्ह्यात ते मोडते, त्या अहमदनगर जिल्ह्याला २०२४ साली त्यांचेच नाव देण्यात आले. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील, धनगर समाजातील एक सत्प्रवृत्त गृहस्थ. घर खाऊनपिऊन सुखी, पण राजवैभवाशी त्याचा काही संबंध नव्हता. स्वारीवर असता मल्हारराव होळकरांचा मुक्काम चौंडीस पडला आणि गावच्या देवळात त्यांनी या मुलीस पाहिले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. कथा कशीही असो, १७३३ साली मल्हाररावांचे एकुलते एक पुत्र खंडेराव यांच्याशी अहिल्याबाईंचा विवाह झाला आणि पाटलाची लेक माळव्याच्या सुभेदारांची सून झाली.

सासरी त्यांना दोन गुरू लाभले. एक स्वतः मल्हारराव आणि दुसऱ्या सासूबाई गौतमाबाई. मल्हारराव तापट, रांगडे, पण माणसांची पारख असलेले सेनानी होते. गौतमाबाई धार्मिक वृत्तीच्या व व्यवहारदक्ष होत्या. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी होळकरांच्या दौलतीपासून निराळी अशी खासगीची जहागीर गौतमाबाईंच्या नावे करून दिली होती. राज्याचा पैसा वेगळा आणि घरचा पैसा वेगळा, दोहोंचे हिशेब वेगळे, ही शिस्त सुनेने सासूच्या हाताखाली आत्मसात केली. पुढे हिंदुस्थानभर जी देवालये व घाट उभे राहिले, त्यांचा पाया याच खासगीच्या वहीखात्यात घातला गेला, असे म्हणावयास हरकत नाही. १७४५ साली पुत्र मालेराव व १७४८ साली कन्या मुक्ताबाई यांचा जन्म झाला. घर भरले होते.

आणि मग पहिला आघात झाला. मार्च १७५४ मध्ये मराठी फौजांनी सूरजमल जाटाच्या कुंभेरीच्या किल्ल्यास वेढा दिला असता तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्याबाईंचे वय त्या वेळी अवघे अठ्ठावीस वर्षांचे. त्या काळच्या रूढीप्रमाणे त्यांनी सती जाण्याचा निश्चय केला. वृद्ध सासऱ्यांनी त्यांच्यापुढे पदर पसरला. मुलगा गेला, आता सूनही गेली तर या दौलतीचा आणि या म्हाताऱ्याचा आधार कोण, असा त्यांचा आकांत होता. अहिल्याबाई थांबल्या.

या थांबण्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. त्या काळच्या समजुतीनुसार सहगमन हा पुण्याचा व कीर्तीचा मार्ग होता आणि मागे राहणाऱ्या विधवेच्या वाट्याला निंदेखेरीज फारसे काही येत नसे. अहिल्याबाईंनी सोपी नव्हे, अवघड वाट पत्करली. आपला प्राण ही आपली मालमत्ता नसून तो कोणाच्या तरी उपयोगासाठी देवाने आपल्याजवळ ठेवलेली ठेव आहे, अशा भावनेने त्या पुढील एकेचाळीस वर्षे जगल्या, हे त्यांच्या आचरणावरून दिसून येते.

मल्हाररावांनीही त्यांना केवळ देवपूजेत बसवून ठेवले नाही. ते स्वारीवर गेले म्हणजे वसुली, फौजेचा पुरवठा, तोफा व दारूगोळा यांची व्यवस्था पाहण्याचे काम सुनेवर सोपवीत. त्यांच्या पत्रांतून अहिल्याबाईंस तोफखान्याविषयी व ग्वाल्हेरच्या बाजूस कूच करण्याविषयी दिलेल्या सूचना आढळतात. शोकात बुडालेल्या माणसाला काम देणे हे केवढे मोठे औषध आहे, हे त्या शिपाईगड्याला ठाऊक असावे.

परंतु दैवाची परीक्षा संपली नव्हती. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर मराठ्यांची एक पिढी कापली गेली. त्याच वर्षी गौतमाबाई वारल्या. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांनी देह ठेवला. सुभेदारीची वस्त्रे तरुण मालेरावांस मिळाली. पण त्यांची प्रकृती व मन दोन्ही अस्थिर होती. मनोविकाराने त्यांना ग्रासले आणि एप्रिल १७६७ मध्ये, जेमतेम बावीस वर्षांचे असता, तेही गेले. आई रात्रंदिवस मुलाच्या उशाशी बसून होती. तिच्या शिवपूजेत खंड पडला नव्हता. तरीही मुलगा वाचला नाही. तेरा वर्षांत पती, सासू, सासरे आणि पुत्र अशी चार माणसे त्या घरातून उठली. मागे राहिली ती एक विधवा आणि तिची लेक.

अशा वेळी सांत्वनाला येणारे जसे असतात, तसे संधी साधणारेही असतात. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादा लहान मुलगा दत्तक घ्यावा असा आग्रह धरला. दत्तकाचे वय लहान म्हणजे कारभार दिवाणाच्या हाती, हे उघड होते. अहिल्याबाईंनी नकार देताच त्यांनी राघोबादादांस फौजेनिशी बोलावून घेतले आणि दादा उज्जैनीजवळ क्षिप्रेच्या काठी येऊन उतरले. पुत्रशोक ताजा असताना अहिल्याबाईंनी आपली फौज सज्ज केली, शेजारच्या सरदारांस पत्रे पाठविली आणि तुकोजी होळकरांना सामन्यास उभे केले. स्त्रीशी लढून जय मिळाला तरी कीर्ती नाही आणि पराजय झाला तर जगात तोंड दाखवावयास जागा उरणार नाही, अशा आशयाचा निरोप त्यांनी दादांस धाडल्याचे सांगतात. महादजी शिंदे व नागपूरकर भोसले यांनी दादांस साथ दिली नाही. पुण्याहून माधवराव पेशव्यांनीही अहिल्याबाईंच्याच बाजूने कौल दिला. लढाई न होताच प्रसंग टळला. अहिल्याबाईंच्या हाती दौलत आली आणि फौजेची धुरा तुकोजींकडे गेली. तुकोजी त्यांच्याहून वयाने मोठे असूनही त्यांना आई म्हणून संबोधीत.

मल्हाररावांनी साठविलेल्या खजिन्यावर अहिल्याबाईंनी तुळशीपत्र ठेवून तो धर्मकार्यास अर्पण केला, असे परंपरा सांगते. राज्यही त्यांनी स्वतःचे मानले नाही. सरकारी कागदांवर त्या आपले नाव न घालता श्रीशंकराच्या आज्ञेवरून हुकूम दिल्याचे लिहीत. मालक महादेव आणि आपण त्याच्या कारकून, अशी ही भूमिका होती. तिच्यात नम्रता होती, पण केवळ नम्रताच नव्हती. ज्याच्या डोक्यावर मालक असतो त्याला रोज संध्याकाळी हिशेब द्यावा लागतो; आणि ज्याला हिशेब द्यावयाचा असतो त्याला दुःख उगाळीत बसावयास सवड नसते.

राजधानी म्हणून त्यांनी नर्मदातीरावरील महेश्वरची निवड केली. तेथील त्यांचा वाडा आजही पाहणाऱ्यास चकित करतो तो वैभवामुळे नव्हे, साधेपणामुळे. १८१८ नंतर माळव्याचा कारभार पाहणारे इंग्रज अधिकारी सर जॉन माल्कम यांनी अहिल्याबाईंस प्रत्यक्ष पाहिलेल्या लोकांकडून माहिती गोळा केली आणि १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात ती नोंदविली. त्यावरून बाईंची दिनचर्या कळते. सूर्योदयापूर्वी उठून स्नान व पूजा, त्यानंतर पुराणश्रवण, दानधर्म, ब्राह्मणभोजन आणि मग स्वतःचे साधे शाकाहारी जेवण. थोड्या विश्रांतीनंतर दुपारी दोनच्या सुमारास त्या दरबारात बसत त्या सायंकाळी सहापर्यंत. पुन्हा दोनतीन तास पूजा व फराळ. आणि नऊ वाजल्यापासून अकरापर्यंत पुन्हा राजकाज. व्रते व सणवार सोडले तर या क्रमात बदल होत नसे. नर्मदेच्या मातीची असंख्य लहान लिंगे घडवून, त्यांची पूजा करून ती नदीत विसर्जित करण्याचा लिंगार्चनाचा प्रघात महेश्वरी त्यांच्या पश्चातही चालू राहिला. जे घडवावे ते पुजावे आणि पुजलेले पुन्हा पाण्याच्या स्वाधीन करावे! ज्या स्त्रीने आपली सारी माणसे अशीच एकेक करून स्वाधीन केली, तिच्या नित्यपूजेचे हे रूप अंतःकरणाला चटका लावून जाते.

त्यांच्या दरबारात कोणासही दाद मागता येई. निपुत्रिक मयताची मालमत्ता सरकारजमा करण्याची त्या काळी अनेक ठिकाणी चाल होती. अहिल्याबाईंनी ती आपल्या राज्यात चालू दिली नाही. खरगोणच्या दोन सावकारांच्या निपुत्रिक विधवा आपले सारे द्रव्य त्यांच्या पायाशी ठेवावयास आल्या, तेव्हा त्यांनी ते घेतले नाही. लोकांच्या उपयोगी पडेल आणि तुमच्या माणसांचे नाव राहील अशा कामी ते लावा, असा सल्ला त्यांनी दिला; आणि त्यातून कुंदा नदीवर घाट व गणपतीचे देऊळ उभे राहिले, अशी हकीकत माल्कम देतात. स्वतः विधवा असलेल्या राज्यकर्तीने दुसऱ्या विधवांना दाखविलेली ही वाट होती. डोंगरातील भिल्ल वाटसरूंस लुटीत, त्यांनाही केवळ शासन न करता वाटेवरील मालावर भिलकवडी नावाचा लहानसा हक्क घेण्याची मोकळीक देऊन त्यांच्यावर वाटेच्या रक्षणाची जबाबदारी टाकली. महेश्वरी कोष्टी आणवून वसविले आणि महेश्वरी लुगड्यांचा उद्योग भरभराटीस आणला.

परंतु अहिल्याबाईंचे नाव आसेतुहिमाचल झाले ते देवकार्यामुळे. काशीविश्वेश्वराचे प्राचीन देवालय १६६९ साली औरंगजेबाच्या हुकुमाने पाडले गेले होते. ते पुन्हा उभे करावे अशी मल्हाररावांची इच्छा होती, ती सिद्धीस गेली नाही. सुनेने मूळ जागेच्या लगत भूमी मिळवून १७८० साली विश्वेश्वराचे नवे मंदिर पूर्ण केले. एकशे अकरा वर्षांनी ज्योतिर्लिंगास पुन्हा योग्य असे स्थान लाभले. सौराष्ट्रात भग्न सोमनाथाच्या जवळच १७८३ साली त्यांनी वेगळे देऊळ बांधले आणि पुन्हा आघात झाला तरी देव सुरक्षित राहावा म्हणून मुख्य लिंगाची स्थापना तळघरात केली. गयेस विष्णुपद मंदिर १७८७ साली बांधून झाले. काशीचा मणिकर्णिका घाट, वेरुळचे घृष्णेश्वर, परळीचे वैजनाथ, पंढरपूरचा वाडा व त्यातील राममंदिर, अशी नावे सांगू लागल्यास यादी संपणार नाही. बद्रीकेदारापासून रामेश्वरापर्यंत आणि द्वारकेपासून जगन्नाथपुरीपर्यंत धर्मशाळा, अन्नछत्रे, विहिरी, पाणपोया त्यांच्या खासगीतून चालत. दक्षिणेतील देवस्थानांस गंगोदकाच्या कावडी जात. उन्हाळ्यात वाटसरूस पाणी, थंडीत गरिबास पांघरूण, शेतातील पाखरांसाठी राखलेले पीक, इतक्या बारीकसारीक गोष्टींची तजवीज असे.

गोमंतकातील महाजन कुळांना या कार्याचे मर्म कोणी समजावून सांगावयास नको. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमलात साष्टी, बारदेश व तिसवाडीतील देवळे जमीनदोस्त झाली, तेव्हा पूर्वजांनी रात्रीच्या अंधारात मूर्ती व लिंगे उचलून नदीपार अंत्रूज महालात नेली. कुशस्थळीचा श्री मंगेश प्रियोळास आला, केळशीची श्री शांतादुर्गा कवळ्यास आली. देवाची जागा गेली, पण देव गेला नाही. प्रथम साध्या निवाऱ्यात राहिलेली ही दैवते पुढे अठराव्या शतकात भव्य देवालयांत विराजमान झाली. पेशव्यांनी १७३९ साली मंगेशी गाव श्री मंगेशास इनाम दिला तो ज्यांच्या शब्दावरून, ते रामचंद्र मल्हार सुखटणकर ऊर्फ रामचंद्रबाबा हे माळव्यात मल्हाररावांच्या जोडीने वावरणाऱ्या राणोजी शिंद्यांचे दिवाण. एकाच काळात, एकाच मराठी सत्तेच्या आश्रयाने, नर्मदेकाठी व जुवारीपलीकडे सारखेच कार्य चालू होते. पाडलेल्या ठिकाणी सूड उगवीत न बसता शेजारच्या भूमीत पुन्हा दिवा लावणे, हीच दोन्हीकडची रीत.

अहिल्याबाईंच्या दानामध्ये आणखी एक विशेष होता. नुसते देऊळ बांधून त्या थांबत नसत. पूजानैवेद्य, नंदादीप, पुजाऱ्याचे वर्षासन, डागडुजीचा खर्च यांसाठी कायमची तरतूद त्या करून ठेवीत. भिंती उभारणे हे उत्साहाचे काम आहे; पण शंभर वर्षांनंतर समईत तेल कोठून येईल याचा विचार करणे हे श्रद्धेचे काम आहे. १९४८ साली होळकर संस्थान मध्यभारतात विलीन झाल्यावरही या खासगी देवस्थानांच्या व्यवस्थेचा प्रश्न विश्वस्तांपुढे राहिला, यावरून त्या तरतुदीचा व्याप लक्षात यावा.

इतके पुण्य गाठी असता तरी वार्धक्य सुखाचे जावे, असे कोणासही वाटेल. तसे झाले नाही. लेक मुक्ताबाई यशवंतराव फणसे यांना दिली होती. तिचा मुलगा नथ्याबा हा आजीच्या जिवाचा विसावा. १७९० च्या सुमारास तो ऐन तारुण्यात वारला. वर्षभराने, १७९१ साली, जावई यशवंतरावही गेले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचे ठरविले. आता आर्जव करण्याची पाळी अहिल्याबाईंवर आली. सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी त्यांना जे विनविले, तेच त्यांनी लेकीस विनविले. राज्याची स्वामिनी भूमीवर लोटांगण घालून लेकीची करुणा भाकीत होती. परंतु लेकीने मानले नाही. आईला आता थोडेच दिवस राहिले आहेत. तिच्यामागे मुलगा नाही, पती नाही, असे जिणे आपण कशासाठी जगावे, हा तिचा सवाल होता आणि त्यास अहिल्याबाईंपाशी उत्तर नव्हते. नर्मदेच्या वाळवंटात चिता पेटली. आईस दोन ब्राह्मणांनी दंड धरून उभे केले होते. ज्वाला उठल्या तेव्हा तिचे सारे धैर्य गळाले आणि तिने आपले हात चावून घेतले. चिता विझल्यावर ती नदीत स्नान करून वाड्यात परतली आणि तीन दिवस अन्न न घेता, एक शब्दही न उच्चारता बसून राहिली, असे माल्कम यांनी लिहून ठेवले आहे.

येथे भाविक वाचकाने क्षणभर थांबावे. साऱ्या भरतखंडातील देवांना जिने घरे दिली, तिच्या घरात कोणी उरले नाही. भक्ती म्हणजे देवाशी केलेला व्यवहार असता, तर हा व्यवहार बुडाला असेच म्हणावे लागले असते. अहिल्याबाईंनी तसे म्हटले नाही. तसेच, आपल्याला काही वाटले नाही असा आवही त्यांनी आणला नाही. त्या रडल्या, कोसळल्या, मुक्या झाल्या. श्रद्धावंताने रडू नये असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. मात्र चौथ्या दिवसानंतर त्या सावरल्या आणि लेकजावयाच्या स्मरणार्थ एक सुंदर छत्री बांधण्याच्या कामास लागल्या. पहाटेची पूजा, दुपारचा दरबार, रात्रीचे कागद हा क्रम पुन्हा सुरू झाला. देवाने त्यांचे दुःख काढून घेतले नाही. दुःख उराशी असताना उठून उभे राहण्याचे बळ मात्र दिले. संकटकाळी देवापाशी मागावयाचे ते हेच आणि मिळते तेही बहुधा हेच.

शेवटची चार वर्षेही शांततेची नव्हती. १७९३ साली लाखेरी येथे शिंदे व होळकर यांच्या फौजा आपसात लढल्या आणि होळकरांचा मोड झाला. एकाच झेंड्याखालच्या दोन घराण्यांनी परस्परांचे रक्त सांडावे, याचे शल्य त्यांना किती झाले असेल याची कल्पनाच करावी. तरीही त्यांच्या स्वतःच्या मुलखात स्वस्थता होती. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला, तो त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि एवढ्या स्तुतीस आपण पात्र नाही असे सांगून नर्मदेत टाकून देण्यास फर्माविले, असे सांगतात. पुढे त्यांच्यावर शेकडो ग्रंथ झाले. पण ते पाण्यात टाकावयास त्या राहिल्या नव्हत्या.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी, शके १७१७ च्या श्रावण वद्य चतुर्दशीस, महेश्वर येथे अहिल्याबाईंनी देह ठेवला. वय सत्तर वर्षांचे होते, त्यातील अठ्ठावीस वर्षे राज्यकारभारात गेली. श्रावणातील चतुर्दशी म्हणजे शिवरात्र. शिवाच्या नावाने हुकूम काढणाऱ्या त्याच्या कारकुनाने आपला अखेरचा हिशेब शिवरात्रीसच मालकापुढे ठेवला. माळव्यातील लोकांनी त्यांना देवीपद दिले आणि त्यांच्या पुण्यतिथीस इंदूरनगरीत पालखी निघू लागली.

त्यांच्या चरित्रात चमत्कार नाही. आकाशवाणी झाली नाही, मेलेले परत आले नाही. आहे तो एक नेम, न चुकता पाळलेला, आणि स्वतःच्या शोकातून इतरांसाठी काढलेली सावली, पाणी, घाट व देवळे. देवस्थानाच्या सेवेत असलेल्या प्रत्येक महाजन कुळाच्या इतिहासातही असे कोणी ना कोणी होऊन गेलेले आहे. घरात सुतक फिटते न फिटते तोच उत्सवाची तयारी पाहावयास आलेला एखादा आजोबा, पदराने डोळे पुसून प्रसादाची पाने मांडावयास बसलेली एखादी आजी! त्यांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत. पण श्रींच्या गाभाऱ्यातील दिवा पिढ्यान् पिढ्या तेवत राहिला आहे तो त्यांच्यामुळेच.

हा दिवा पुढील पिढ्यांच्या हातीही असाच तेवत राहो आणि दुःखाच्या प्रसंगी त्याच्या प्रकाशात आपले कर्तव्य दिसण्याची दृष्टी सर्वांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.